रेंज नाही, हे वैशिष्ट्य कुणासाठी?

मी एका ट्रॅव्हल बुकिंग ॲपच्या टीममध्ये दोन वर्षं काम केलं. कंपनीचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण मी जे सांगणार आहे ते आज बहुतेक सगळ्याच ॲपवर दिसेल.

हॉटेल, होमस्टे, टेंट कॅम्प अशा प्रत्येक जागेची माहिती भरायचा एक फॉर्म होता. पार्किंग आहे का? गरम पाणी आहे का? जनरेटर आहे का? मोबाइल नेटवर्क आहे का? उत्तर हो किंवा नाही. सुरुवातीला 'नेटवर्क नाही' असं असलं की ती जागा सर्चमध्ये खाली जायची. साहजिक होतं. लॉकडाऊननंतर आमच्या प्रॉडक्टवाल्यांच्या लक्षात आलं, की लोक आता नेमकं हेच शोधतायत. मग माझ्या नावावर एक टिकिट आलं. 'नेटवर्क नाही' हे गैरसोयींच्या यादीतून काढायचं, वैशिष्ट्यांच्या यादीत टाकायचं, त्याला हिरव्या पानाचं आयकॉन लावायचं आणि नाव द्यायचं 'डिजिटल डिटॉक्स'. शिवाय जवळच्या शहरापासून जागा जितकी लांब, तितके तिला जास्त गुण.

अर्ध्या दिवसाचं काम होतं. मी ते जेवणाच्या सुटीआधी संपवलं. कोड रिव्ह्यूमध्ये कुणी एक प्रश्न विचारला नाही. मलाही पडला नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी माझ्याच घरच्यांना घेऊन अशा एका हिरव्या पानाच्या जागी गेलो. तिथून परत आल्यापासून मला ते टिकिट छळतंय. माझं म्हणणं सरळ आहे. आपण ज्याला 'रिमोट', 'ऑफबीट', 'अनटच्ड' म्हणतो आणि ज्याचे जास्तीचे पैसे देतो, ते निसर्गाचं देणं नाही. ती कुणाची तरी गैरसोय आहे. माणसांनी घेतलेल्या निर्णयांतून ती तयार झाली आहे आणि आता आपण गिऱ्हाईक होऊन ती टिकवायला मदत करतोय. आपण हे थांबवायला हवं.

शिवसागरच्या काठावर

आम्ही सहाजण होतो. आई, बाबा, ताई, भावोजी, सहा वर्षांचा भाचा आणि मी. साताऱ्याहून कासच्या पठारावरून बामणोलीला उतरलो. कासच्या फुलांचा हंगाम संपला होता, पठार वाळकं पिवळं पडलं होतं. बामणोलीच्या धक्क्याला गाडी लावली आणि लाँचमध्ये बसलो. कॅम्प पलीकडच्या काठावर होता, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका छोट्या वाडीच्या खाली. टेंटला माणशी २,८०० रुपये रात्रीचे, जेवणासकट.

खोटं कशाला बोलू, पहिला दिवस अप्रतिम होता. पाणी इतकं शांत, की समोरचा डोंगर त्यात उलटा उभा होता. भाच्याने दिवसभर पाण्यात दगड फेकले आणि एकदाही फोन मागितला नाही. ताई दोन वर्षांत पहिल्यांदा दुपारी झोपली. रात्री एवढ्या चांदण्या दिसल्या की भावोजी, जे एरवी शेअर बाजाराखेरीज कशावर बोलत नाहीत, ते गप्प बसून वर बघत राहिले. 'रेंज नाही, किती बरं आहे ना!' हे वाक्य आमच्यातल्या प्रत्येकाने निदान एकदा तरी म्हटलं. मी तर जास्तच वेळा. मला वाटत होतं, त्या टिकिटाचं मी सोनं केलंय.

बाबांचा आनंद वेगळा होता. बाबा वीज मंडळात ३४ वर्षं होते, उपकेंद्रात ऑपरेटर. कोयना म्हटलं की त्यांचे हात आपोआप जोडले जातात. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, सुमारे ५० किलोमीटर लांब, १०५ टीएमसी पाण्याचा. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कोकणात उतरतं, त्यावर चार टप्प्यांत मिळून १,९६० मेगावॅटचे संच चालतात आणि मग ते वाशिष्ठी नदीला मिळतं. संध्याकाळी राज्यभर दिवे लागले, विजेची मागणी एकदम चढली, की काही मिनिटांत हाताशी येते ती ही वीज. बाबांनी नातवाला हे सगळं काठीने वाळूत आकृती काढून समजावलं. त्याला कळलं नाही. मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी बेसिक सिव्हिलमध्ये धरणांचे प्रकार पाठ करून मी पेपर काढला होता, त्याला आता आठ-नऊ वर्षं झाली.

कॅम्पवर स्वयंपाक आणि देखभाल बघणारा माणूस वरच्या वाडीतलाच होता. पन्नाशीचा. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत होतो. दिवसाचे त्यांना ४५० रुपये मिळतात, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. बुकिंग ॲपला एका टेंटमागे किती मिळतात हे मला आधीपासूनच माहीत होतं, कारण तो हिशोब करणारा कोडही आमच्याच टीमचा होता.

दुसरी रात्र

रात्री नऊच्या सुमाराला आई टेंटबाहेर आली आणि अंधारात चपलेत पाय घातला. ती ओरडली नाही. 'काहीतरी चावलं रे' एवढंच म्हणाली. टॉर्च मारला तेव्हा विंचू दगडाखाली शिरत होता.

मामा पळत आले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'काळा हुता का तांबडा?'

भावोजी म्हणाले, तांबूस वाटला.

मामांनी आईच्या कपाळाला हात लावला, मग तिचे तळहात दाबून बघितले. 'ताई, घाम सुटलाय. हात बी गार पडाय लागल्यात. काळ्यानं नुसतं ठणकतं, तांबडा काळजाला लागतो. थांबाय नको.'

माझी पहिली प्रतिक्रिया काय असेल? मी फोन काढला. अर्थातच. स्क्रीनवर वरच्या कोपऱ्यात फुली होती. बुकिंगच्या ईमेलमध्ये 'तातडीच्या वेळी संपर्क' म्हणून एक नंबर होता, तो पुण्यातल्या कुणाचातरी होता आणि तो लावायलाही रेंज लागते. टेंटच्या दारावर लाकडी पाटी होती, त्यावर सुंदर अक्षरात 'वाय-फाय नाही, एकमेकांशी बोला' असं लिहिलं होतं. दुपारी मी त्या पाटीचा फोटो काढला होता.

रेंज कुठे येते हे मामांना ठाऊक होतं. वाडीच्या वर, देवळाच्या मागच्या टेपावर, एका ठरावीक दगडाजवळ. तिथे एखादी कांडी येते, तीही वारा असला तर जाते असं म्हणतात. मामांचा पुतण्या बॅटरी घेऊन वर पळाला. त्याने पलीकडच्या गावातल्या जीपवाल्याला उठवलं, १०८ ला फोन केला. मामांच्या चुलतभावाची लाँच खाली बांधलेली होती. आईला खाटेवरून उतरवून लाँचमध्ये ठेवलं. पाण्यावर मिट्ट काळोख. पुढे टोकाला पुतण्या बॅटरी धरून बसला. मामांचा भाऊ कशाच्या आधाराने लाँच हाकत होता, देव जाणे. दिवसा मला जी शांतता विकत घ्यावीशी वाटत होती, तिच्यात आता फक्त इंजिनाचा आवाज आणि आईच्या उलट्यांचा आवाज होता. बाबा तिचा हात दोन्ही हातांत धरून चोळत होते आणि काही बोलत नव्हते.

पलीकडे जीप उभी होती. प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचलो तेव्हा चावून पावणेदोन तास झाले होते. तिथल्या तरुण डॉक्टरांनी रक्तदाब बघितला, एक गोळी दिली आणि रात्रभर दर थोड्या वेळाने येऊन तपासत राहिले. गोळीचं नाव प्राझोसिन. सकाळी आईच्या हातापायांत ऊब आली. मग तिला साताऱ्याला हलवलं. आई आज ठणठणीत आहे.

त्या गोळीबद्दल थोडं सांगायला हवं. कोयनेच्या खोऱ्यातून सह्याद्रीची रांग ओलांडली की कोकण लागतो. तिथे महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. तांबड्या विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं, विशेषतः मुलं, त्यांच्या डोळ्यांसमोर जात होती. त्यांनी एकेका रुग्णाशेजारी बसून नोंदी केल्या. नुसती वेदना म्हणजे फार धोका नाही. दरदरून घाम, लाळ, उलट्या आणि गार पडणारे हातपाय म्हणजे विष हृदयापर्यंत गेलंय, हे मांडलं. रक्तदाबावरची एक साधी, स्वस्त गोळी वेळेत दिली तर माणूस वाचतो, हे ऐंशीच्या दशकात दाखवून दिलं. जगभर त्याची दखल घेतली गेली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

म्हणजे औषधाचा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वी सुटला. सह्याद्रीच्याच कुशीत, एका सरकारी दवाखान्यात सुटला. आता उरलाय तो फक्त माणूस गोळीपर्यंत वेळेत पोहोचण्याचा प्रश्न. तो रस्त्याचा, लाँचचा आणि मोबाइलच्या रेंजचा प्रश्न आहे. आणि त्याच्यावर मी हिरवं पान चिकटवलं होतं.

दुर्गम कुणी केलं?

आईला साताऱ्यात दाखल केल्यावर सामान आणायला मी एकटा परत गेलो. मामांना लाँचचे पैसे विचारले. त्यांनी १,५०० सांगितले. 'रात्रीचं भाडं डबल असतंय,' म्हणाले. मला ते आवडलं. गरीब पण मनाचा श्रीमंत, पैसे नको म्हणणारा खेडूत अशी गोष्ट ऐकायची माझ्या डोक्याने तयारी केली होती. मामांना माझ्या गोष्टीत पात्र व्हायचं नव्हतं. त्यांनी काम केलं होतं, त्याचे पैसे घेतले.

मग चहा पिताना त्यांनी पाण्याकडे बोट दाखवलं. त्यांच्या आजोबांची भातखाचरं तिथे होती, म्हणाले. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात. त्या उघड्या गाळात काही जण गाळपेर करतात, पुन्हा पाणी चढायच्या आत जे हाताला लागेल ते.

साठच्या दशकात धरण झालं तेव्हा या खोऱ्यातली शंभराच्या आसपास गावं पाण्याखाली गेली किंवा उठली. लोकांना ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशा जिल्ह्यांत पांगवलं गेलं. महाराष्ट्राने पुनर्वसनाचा पहिला कायदा केला १९७६ साली, म्हणजे ही माणसं उठल्यावर एका तपाहून जास्त काळाने. ज्यांची घरं पाण्याच्या रेषेच्या वर होती ती मागे राहिली, त्यांची चांगली जमीन मात्र खाली गेली. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. मोठ्या जलाशयाशी भूकंपाचं नातं काय, यावर जगात कुठेही चर्चा निघाली की आजही कोयनेचं नाव येतं. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं, २०१० मध्ये ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं, २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं. प्रत्येक टप्प्यावर इथलं माणूस थोडं आणखी कमी झालं. तरणी पोरं मुंबईला गेली, माथाडी झाली. वाड्यांत म्हातारी उरली.

आता नकाशा डोळ्यांसमोर आणा. धरणाआधी इथे नदी होती. उन्हाळ्यात पायी ओलांडता येईल अशी. पलीकडच्या गावात लेक दिली तर संध्याकाळी जाऊन भेटून येता यायचं. जलाशय झाला आणि त्याच दोन गावांच्या मध्ये अफाट पाणी आलं. पलीकडचं गाव एका नदीच्या अंतरावरून एका लाँचच्या अंतरावर गेलं. रात्री आणि वादळात तर लाँचही नाही. हे खोरं देवाने दुर्गम केलेलं नाही. ते दुर्गम झालं, एका विशिष्ट वर्षात, एका विशिष्ट कारणासाठी. आणि ते कारण माझ्या घरातल्या ट्यूबलाइटमध्ये आहे.

मामांचं एक वाक्य मी विसरू शकत नाही. मी विचारलं, बाळंतपणाला काय करता? ते म्हणाले, 'बाईला आठव्या म्हैन्यातच सातारला न्हेऊन ठेवत्यात पाव्हण्यांकडं. पावसात लाँचचा काय भरवसा?' अगदी सहज म्हणाले. आपण पावसाळ्याआधी गाडीचे वायपर बदलतो तितकं सहज.

'पण मग आम्ही जायचंच नाही का?'

हा लेख लिहिण्याआधी मी हे सगळं मित्रांना आणि घरी बोलून दाखवलं. चार आक्षेप आले. चारही ऐकण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप बाबांचा. परत येताना गाडीत मी काहीतरी तावातावाने बोललो, तेव्हा ते म्हणाले, 'कोयना नसती तर तू कंदिलावर अभ्यास केला असतास. तुझं इंजिनीअरिंग, तुझा लॅपटॉप, सगळं त्या पाण्यावर आहे.' बाबा बरोबर आहेत. मी धरणाच्या विरोधात बोलत नाहीये. ज्याचा पगार विजेवर चालतो त्याने धरणाला शिव्या घालणं हा ढोंगीपणा आहे. पण बाबांच्याच शब्दांत बोलायचं तर वीज वापरली की बिल येतं. ते पाणी अडवून साठ वर्षं झाली आणि काठावरच्या माणसाचं बिल अजून थकलेलं आहे. २०१८ मध्ये कोयनेचे धरणग्रस्त श्रमिक मुक्ती दलाच्या डॉ. भारत पाटणकरांबरोबर कोयनानगरला ठिय्या देऊन बसले होते. धरण बांधल्यावर दोन पिढ्यांनी, नातवंडं बसली होती. मी तेव्हा इंजिनीअरिंगला होतो. मला पत्ताही नव्हता.

दुसरा आक्षेप मित्राचा. 'आठवडाभर मीटिंगांनी डोकं पिकतं. चार दिवस शांतता मागितली तर गुन्हा केला का?' अजिबात नाही. दमलेल्या माणसाला शांतता हवीच. पण फोनला बंद करायचं बटण असतं. ते दाबायला दोन सेकंद लागतात. तुम्हाला फोनपासून सुटका हवी म्हणून अख्ख्या खोऱ्यात टॉवर नसण्याची गरज नाही. तुमच्याकडे रेंज असेल आणि तुम्ही फोन बंद ठेवलात, तर ती तुमची निवड आहे. मामांकडे निवड नाही. या दोन गोष्टींना ॲपमध्ये एकच नाव देणं ही लबाडी आहे, आणि ती लबाडी मी स्वतः टाइप केलेली आहे. गंमत म्हणजे २०२२ मध्ये केंद्र सरकारने मोबाइल सेवा न पोहोचलेल्या २४,६८० गावांत फोर-जी नेण्याची योजना मंजूर केली. म्हणजे एकाच देशात, साधारण एकाच काळात, सरकारी कागदावर नेटवर्क नसणं ही वंचितता होती आणि माझ्या स्क्रीनवर ती चैन होती. शांततेबद्दल म्हणाल, तर पहिल्या रात्री समोरच्या काठावरच्या कॅम्पवर साडेअकरापर्यंत स्पीकर चालू होता. तेही शांततेसाठीच आले होते.

तिसरा आक्षेप ताईचा. 'आपण गेलो नाही तर मामांचे ४५० पण जातील.' हा सगळ्यात अवघड आक्षेप आहे. म्हणूनच मी 'जाऊ नका' म्हणत नाही. पण रोजगार हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो. ज्या जमिनीवर कॅम्प आहे ती कुणाची, कॅम्पचा मालक कुठे राहतो, सहाजणांनी दिलेल्या ३३,६०० रुपयांपैकी वाडीत किती राहिले, हे विचारल्याशिवाय 'आम्ही रोजगार देतो' असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही. माझा हिशोब सांगतो. दोन रात्रींत मामांचे ९००. लाँचवाल्याला जाण्यायेण्याचे आणि त्या रात्रीचे. अंडी आणि दूध वाडीतलं होतं. बाकी सगळा किराणा साताऱ्याहून आणि पैसे पुण्याला.

चौथा आक्षेप सगळ्यात शहाणा दिसतो. 'रस्ते आणि टॉवर आले की जंगलाची वाट लागेल. महाबळेश्वरचं काय झालं बघा.' जंगल राहिलंच पाहिजे. पण हा आक्षेप घेणाऱ्यांना माझा एक प्रश्न आहे. जंगल वाचवण्याची किंमत दर वेळी तीच माणसं का देतात, ज्यांनी विजेची किंमत आधीच दिली आहे? मी व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात टॉवर मागत नाहीये. जिथे माणसं राहतात त्या वाड्यांसाठी मागतोय. पश्चिम घाटाबद्दल २०११ साली अहवाल देणाऱ्या माधव गाडगीळ समितीचाही मुख्य आग्रह हाच होता, की इथे काय व्हावं आणि काय होऊ नये हे ग्रामसभांना विचारून ठरवा. आपण नेमकं उलटं करतो. आत्ता याच पट्ट्यात 'नवीन महाबळेश्वर' नावाचा प्रकल्प येऊ घातलाय. सातारा, जावळी, पाटणमधली २३५ गावं त्यात घेऊन रस्ते विकास महामंडळाला नियोजनाचे अधिकार दिले. तापोळ्याहून पलीकडच्या अहीरकडे मोठा पूल बांधायला घेतला. पूल झाला तर मामांसारख्यांना हवाच आहे, मलाही आनंद होईल. पण साठ वर्षं बाळंतिणीसाठी जो पूल झाला नाही, तो पर्यटकांसाठी होत असेल, तर निदान तेवढं कबूल तरी करू या.

मग करायचं काय?

मला मोठे उपाय सांगता येत नाहीत. मी सॉफ्टवेअरवाला आहे, बग कुठे आहे तेवढं सांगू शकतो. बग त्या हो-नाहीच्या चौकटीत आहे. म्हणून मी वाचणाऱ्या प्रत्येकाला, विशेषतः माझ्यासारख्या आयटीत काम करणाऱ्यांना, चार गोष्टी सांगतो.

एक. अशा जागी जायचं असेल तर बुकिंग करण्याआधी फोन करून तीन प्रश्न विचारा. रात्री कुणी आजारी पडलं तर कसं आणि किती वेळात नेणार? शेजारच्या वाडीला रेंज कुठे येते? कामावरच्या माणसाला रोज किती देता? उत्तर टाळलं तर पुढचा नंबर लावा.

दोन. आल्यावर रिव्ह्यूमध्ये पनीरच्या भाजीला तारे द्यायच्या आधी या तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. पाचशे रिव्ह्यूंमध्ये हे आलं तर ॲपवाल्यांना दखल घ्यावी लागते. मी आत होतो, मला माहीत आहे. ग्राहकाच्या तक्रारीला आम्ही जेवढं घाबरायचो तेवढं बॉसला घाबरत नव्हतो.

तीन. शक्य असेल तिथे गावातल्या माणसाच्या घरी राहा. थोडी गैरसोय होईल. चांदण्या तेवढ्याच दिसतात.

चार. आणि हे मी सरकारला उद्देशून म्हणतो, पण तुमच्या पाठिंब्याशिवाय होणार नाही. जलाशयाच्या काठावरच्या वाड्यांना रात्रीही निघणारी रुग्णवाहिका-लाँच हवी, चालक आणि डिझेलसकट. उद्घाटनाच्या दिवसापुरती नव्हे, श्रावणातल्या धो-धो रात्रीसुद्धा. काठावरच्या प्रत्येक वाडीत फोन लागला पाहिजे. पर्यटन प्रकल्पाचा पहिला रुपया यावर पडू दे, मग खुशाल व्ह्यू पॉइंट बांधा.

मी ती कंपनी सोडली. यामुळे नाही, पगारामुळे सोडली. तेव्हा उगाच मला शाबासकी देऊ नका. सोडण्याआधी मी एक टिकिट टाकलं होतं. 'नेटवर्क नाही' असेल तर पानावर सर्वांत वर जवळच्या आरोग्य केंद्राचं अंतर आणि रात्री तिथे पोहोचायला लागणारा वेळ दाखवावा, असं. त्याला 'कमी प्राधान्य' असं लेबल लागलं. बहुधा अजून तिथेच पडून असेल.

आई म्हणते, पुन्हा जाऊ या. मामांच्या घरी राहू. मी मामांशी बोललो, म्हणजे त्यांच्या पुतण्याशी, तो टेपावर चढून आला की फोन लागतो. मे महिन्यात जायचं ठरतंय. पाणी खाली गेलेलं असेल. मामा म्हणाले आहेत, आजोबांच्या घराचं जोतं दाखवतो.

प्राझोसिन मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळते आणि ती मनाने द्यायची गोळी नाही. त्यामुळे ती बॅगेत टाकून हा प्रश्न सुटत नाही. तिथे लाँचच लागते.